मुलगा पुण्याला गेला आणि घर खायला उठतं: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईला उत्तर

प्रश्न असा आहे:

“मॅडम, माझं वय ५१. खानापूर तालुक्यात आमचं गाव. लेकीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली, ती चंदगडकडे दिली आहे. मुलाने आयटीआय केलं आणि यंदा जूनमध्ये तो पुण्याजवळ चाकणला कंपनीत लागला. तो गेल्यापासून घर खायला उठतं. संध्याकाळचे सहा वाजले की छातीत धडधडतं. दोन माणसांना चार भाकऱ्या पुरतात, पण करायला बसले की सात होतात. रात्री दोनला जाग येते ती येतेच. त्याचा फोन आला नाही की जीव वर-खाली होतो, आला की मी भांडते आणि मग रडत बसते. मालक दिवसभर शेतात, संध्याकाळी कट्ट्यावर. जाऊ म्हणते, ‘पोरगा नोकरीला लागला, पेढे वाटायचे सोडून रडतेस काय?’ हा आजार आहे काय? डोक्याच्या डॉक्टरकडे जायला लागेल काय? का मी त्याच्याकडेच जाऊन राहू?”

ताई,

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. मुलगा गेल्याचं दुःख हा आजार नाही. धडधड आणि रात्री दोनची जाग मात्र तपासून घ्यायला हवी, आणि त्यासाठी आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जायचं आहे. मुलाकडे कायमचं राहायला जाऊ नका. चार दिवस मात्र जरूर जाऊन या, आणि लवकर जाऊन या. त्यामागचं कारण पुढे सांगते.

मी बावीस वर्षं बेळगावात समुपदेशन करते, आठवड्यातून एक दिवस खानापूरला बसते. तुमच्यासारख्या आया माझ्याकडे “मुलगा गेला म्हणून आले” असं सांगत कधीच येत नाहीत. डोकं दुखतं, पाठ धरते, घास उतरत नाही, असं सांगत येतात. अर्ध्या तासाने, निघता निघता, उंबऱ्यापाशी थांबून म्हणतात, “धाकटा पण गेला हो बेंगळुरूला.” तुम्ही मूळ गोष्ट सुरुवातीलाच लिहिलीत. हे तुम्हाला सोपं गेलं नसणार.

आता तुमच्या जावेच्या बोलण्याकडे येते. तिचा हेतू वाईट नाही. पण तीन वर्षांपूर्वी लेक सासरी निघाली तेव्हा तुम्ही रडलात ना? तेव्हा हीच जाऊ तुमच्या गळ्यात पडून रडली असेल. पाठवणीला सगळी गल्ली उभी होती. लेकीच्या जाण्याला आपल्याकडे हळद आहे, ओटी आहे, पहिला सण आहे, परत आणायला जाण्याची रीत आहे. जात्यावर दळणाऱ्या बायांनी सासरी गेलेल्या लेकीसाठी पिढ्यान् पिढ्या ओव्या म्हटल्या. म्हणजे त्या दुःखाला वेळ दिलेली होती, शब्द दिलेले होते आणि सोबत दिलेली होती. मुलगा जातो तेव्हा काय होतं? रात्रीच्या गाडीत बॅग ठेवायची, दही-साखर हातावर घालायची, गाडी वळेपर्यंत हात हलवायचा आणि घरी येऊन भांडी घासायची. कारण ही आनंदाची गोष्ट आहे, नोकरी लागली आहे. आनंदाच्या गोष्टीला रडायची सोय आपण ठेवलेली नाही. तुमचं तेव्हाचं रडणं थांबून राहिलंय, आणि ते रोज सहा वाजता येतंय.

बेळगाव तालुक्यातल्या एका जवानाच्या आईने मला हे फार स्पष्ट सांगितलं होतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच असल्याने आपल्या भागातल्या कितीतरी घरांत एक तरी पोरगा फौजेत असतो. तिचा मुलगा भरती झाला तेव्हा गावाने तिला शाल-नारळ दिला. ती म्हणाली, “त्या शालीच्या ओझ्याने मला महिनाभर रडता आलं नाही.” तिला माझ्याकडून उपाय नको होता. चार वेळा येऊन ती फक्त रडली, आणि पाचव्या वेळी आली तेव्हा शेतातल्या भुईमुगाबद्दल बोलत होती.

आपल्या सीमाभागात या दुःखाला आणखी एक पदर आहे, आणि तो समजून न घेता दिलेला सल्ला वरवरचा होतो. इकडची मराठी शाळेत शिकलेली पोरं पुणे, कोल्हापूर, गोवा, मुंबई अशी विखुरतात. कन्नड लिहिता-वाचता नीट येत नाही म्हणून इथल्या सरकारी नोकरीची वाट अवघड वाटते आणि बरेच कारखाने तिकडे. पोरगा जाताना म्हणतो, “दोन-तीन वर्षांत येतो की.” आई मान डोलावते, पण शेजारच्या घरातला दहा वर्षांपूर्वी गेलेला पोरगा तिने बघितलेला असतो. त्याने तिकडेच फ्लॅट घेतला, बायको तिकडची, मुलं तिकडच्या शाळेत. म्हणून आईला एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: तो येणार आहे अशी बोलायची, आणि तो येणार नाही ही मनातली. पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात अशा दुःखाचा अभ्यास सुरू केला, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांपासून. त्यांचं निरीक्षण असं, की माणूस ना पुरता गेलेला, ना जवळ असलेला, अशा वियोगाला शेवट नसतो आणि म्हणून मन त्याच जागी घुटमळत राहतं. तुमचा मुलगा सुखरूप आहे, देव करो आणि तसाच राहो. पण शेत कोण बघणार, घर कुणासाठी बांधलं, हे प्रश्न तुमच्या मनात भाकरी थापताना येत असतील तर ते वेडेपणाचे नाहीत. ते खरे प्रश्न आहेत. फक्त त्यांची उत्तरं यंदाच्या पावसात मिळायची नाहीत, आणि रात्री दोनला तर मुळीच नाहीत.

आता शरीर. हे मी मुद्दाम आधी घेते, कारण माझ्याच क्षेत्रातल्या लोकांकडून इथे चूक होते. सगळं “मनाचं” म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही ५१ वर्षांच्या आहात. भारतात बायकांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, आणि त्याच्या आगेमागे काही वर्षं झोप मोडणं, अंगातून वाफा निघणं, घाम फुटणं, धडधडणं, क्षुल्लक गोष्टीवरून चिडणं हे सगळं होऊ शकतं. नेमक्या याच वयात पोरं घर सोडतात. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा मिसळतात की बाईला वाटतं, आपलं डोकंच फिरलं. शिवाय थायरॉईड कमी झालं तर उदासी आणि थकवा येतो, जास्त झालं तर धडधड आणि झोपमोड होते. अंगात रक्त कमी असेल तरी चार पायऱ्या चढून धडधडतं. म्हणून डॉक्टरांना सांगा: हिमोग्लोबिन, थायरॉईड (टीएसएच), साखर, बी-१२ आणि रक्तदाब एकदा बघा, गरज वाटली तर ईसीजी काढा. पाळी बंद होऊन वर्ष झालं असेल आणि पुन्हा रक्त दिसलं, तर तेही लपवू नका, लगेच दाखवा. धडधडीबरोबर छातीत दाबल्यासारखं दुखलं, घाम फुटला, दम लागला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर “पोराची आठवण” म्हणून बसून राहायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

तपासण्यांना पैसे कुणाकडे मागायचे, हा विचार तुमच्या मनात आला असेल. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार तुमच्या खात्यावर जमा होत असतील, तर एका महिन्याचे स्वतःच्या रक्ताच्या तपासणीला वापरा. ते घरच्या बाईच्या नावावर येतात ते यासाठीच, असं मी मानते.

रिपोर्ट चांगले आले, तर पुढचं काम दिवसाचं आहे. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ मला सहा वाजल्याची वाटली. सहा वाजता तो यायचा ना? आयटीआयवरून, बसने, भुकेला. त्याच्या गाडीची वेळ तुमच्या अंगात भिनलेली आहे. अठरा-वीस वर्षं एखाद्याच्या येण्याभोवती दिवस बांधला की तो माणूस गेल्यावर शरीर त्या वेळी तयारच राहतं, आणि येणारा कुणी नसतो. माझी मुलगी बेंगळुरूला शिकायला गेली तेव्हा तिच्या ट्यूशनसाठी लावलेला पहाटे साडेपाचचा अलार्म मी कित्येक दिवस बंद केला नाही. तो वाजायचा, मी उठायचे, आणि स्वयंपाकघरात उभी राहून कळायचं की करायला काही नाही. ती पाच मिनिटं मला दिवसभर पुरायची. तुमचे सहा वाजतात ते असेच.

तेव्हा मन रमवायच्या मागे लागू नका, आधी तो सहाचा तास बदला. पाचला घराला कडी लावून शेतावर जा आणि मालकांबरोबर साडेसहाला परत या. पावसाने जमणार नसेल तर देवळातल्या हरिपाठाला जा, भजनी मंडळ असेल तर तिथे बसा. म्हणायला नाही आलं तरी चालतं, टाळ हातात घ्या. आपल्या भागात वारकऱ्यांची परंपरा गावागावांत आहे आणि तिन्हीसांजेच्या वेळेला माणसांनी एकत्र बसावं ही सोय तिने करून ठेवली आहे. तेही नसेल तर शेजारणीच्या ओसरीवर भाजी निवडायला बसा. काम तेच करा, जागा बदला. सहा ते सात या तासात तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरात एकट्या नसाल, एवढीच अट.

निपाणीच्या एका विडी वळणाऱ्या बाईंची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं वगळून. दोन्ही मुलगे पुण्याला गेले आणि त्या घरात दार लावून एकट्याच विड्या वळत बसायच्या. हात चालत असायचे त्यामुळे घरच्यांना वाटायचं, बाई कामात आहे, बरी आहे. पण हाताला काम असून डोकं मोकळं असलं की चिंता आणखी फिरते. त्यांना मी एवढंच सांगितलं, की सूप उचला आणि पलीकडच्या गल्लीत जिथे पाच-सहा जणी बसतात तिथे जाऊन बसा. पहिला आठवडा त्या रागावूनच गेल्या. म्हणाल्या, “तिथं सगळ्या आपल्याच सुनांची गाऱ्हाणी सांगतात.” महिन्याने त्याही सांगायला लागल्या. बरं वाटल्यावर बाहेर पडू असं म्हणत थांबलं, की बरं वाटायचा दिवस लांबत जातो. पाय आधी बाहेर पडावे लागतात, मन मागून येतं. उदासीच्या उपचारात ही पद्धत जगभर वापरतात आणि तिचा उपयोग होतो हे चांगलं तपासलेलं आहे.

एक वही करा. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे चार रकाने. त्या वेळी काय करत होता आणि मन कसं होतं, दहापैकी किती, एवढंच लिहा. दोन आठवड्यांनी वही बघितलीत तर दिसेल की दिवस सगळा सारखा वाईट नाही. काही तास जड आहेत, काही बरे आहेत, आणि बऱ्या तासांत बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी माणूस आहे.

भाकऱ्यांचं मनाला लावून घेऊ नका. ते हाताचं माप आहे, हात सावकाश शिकतात. पिठाचं भांडं बदला, भाताचं पातेलं लहान घ्या. मोठं पातेलं माळ्यावर टाकू नका, समोरच्या फळीवर पालथं घालून ठेवा. गणपतीला लागणारच आहे.

आता फोन. इथे तुमची सर्वांत जास्त शक्ती जाते आहे, आणि इथेच थोड्या बदलाने सर्वांत जास्त फरक पडेल. चाकणच्या कारखान्यांत कामाच्या पाळ्या (शिफ्ट) असतात. एक आठवडा सकाळची, एक आठवडा रात्रीची. आत फोन न्यायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. तुम्ही रात्री आठला वाट बघता तेव्हा तो मशीनपाशी उभा असू शकतो. त्याच्याकडून महिन्याचं पाळ्यांचं वेळापत्रक मागून घ्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याची पाळी लिहून ठेवा. मग दोघांनी मिळून फोनचे वार ठरवा. रोजचा दोन मिनिटांचा चुटपुटता फोन आणि आठवड्यातून तीन वेळा पंधरा मिनिटांचा निवांत फोन, यात मी दुसरा निवडेन. ठरलेल्या दिवशी तो येणार हे माहीत असलं की बाकीचे दिवस वाट बघण्यात जात नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर तो शेवटचा कधी आला होता ते बघणं मात्र सोडा. माझ्याकडच्या आया रात्री दोनला उठून हेच बघतात. एक वाजता ऑनलाईन होता असं दिसलं की “एवढ्या रात्री कुणाशी बोलत होता”, दिसलं नाही की “काही झालं तर नाही ना”. दोन्हीकडून झोप जाते. बघितल्यावर क्षणभर हायसं वाटतं, आणि त्या क्षणासाठी मन पुन्हा पुन्हा बघायला लावतं. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. जाग आली तर पाणी प्या, बसून सावकाश श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून काहीतरी कंटाळवाणं काम करा, लसूण सोला. अंथरुणात पडून विचार करत राहिलं की अंथरूण म्हणजे विचारांची जागा होऊन बसते.

आणि बोलायचं काय? “जेवलास काय? काय जेवलास? मेसचं कसं आहे?” हे प्रेमच आहे, पण चौथ्या दिवशी त्याच्याकडे उत्तर उरत नाही, तो “हं” म्हणतो आणि तुम्ही दुखावता. त्याला तुमच्या दिवसाबद्दल सांगा. रोप लावण कुठवर आली, कुणाची म्हैस व्याली, नाल्याला पाणी किती आलं, लाईट किती दिवस गेली होती. गावापासून लांब गेलेल्या पोरांना हीच भूक असते, ती ते बोलून दाखवत नाहीत. आणि त्याला काहीतरी विचारा ज्यात त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आधार-बँकेचं, मोबाईलमधलं, मशीनचं. आईने सल्ला मागितला की पोरगा फोन लवकर ठेवत नाही.

तुमचं भांडण होतं ना, ते कुठल्या वाक्यापासून सुरू होतं? बहुधा “तुला आता आमची गरज नाही” या किंवा अशा वाक्यापासून. त्याऐवजी एकदा खरं बोला: “तू गेल्यापासून मला संध्याकाळी करमत नाही रे. तू काही करायचं नाहीस, फक्त तुला ठाऊक असू दे.” पहिल्या वाक्यावर तो स्वतःचा बचाव करील, दुसऱ्यावर ऐकून घेईल. हे उत्तर त्याला वाचायला पाठवलंत तरी चालेल. त्याच्यासाठी एक ओळ लिहिते: बाबा, आईला तू कमावलेल्या पैशांचा फोटो नको आहे, तुझ्या खोलीचा पाठव, आणि फोन करायचा वार चुकणार असेल तर आधी एक शब्द टाक.

खोलीवरून आठवलं. चार दिवस जाऊन या म्हटलं ते यासाठी. तो कुठे झोपतो, कुठल्या खिडकीशी, पाणी कुठून भरतो, मेसवाली बाई कशी आहे, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं नाही. न बघितलेल्या जागेत मन वाईटात वाईट चित्र काढतं. एकदा बघून आलात की रात्री दोनला डोळ्यांपुढे खरी खोली येईल, ती लहान असेल, अस्ताव्यस्त असेल, पण खरी असेल. जाताना चटणी-लाडू न्या, मेसवाल्या बाईशी बोलून या, तिच्याशी तुमची ओळख झाली तर तुमचं निम्मं ओझं उतरेल.

कायमचं राहायला जाऊ नका असं म्हणते, कारण मी हे बऱ्याचदा मोडताना बघितलं आहे. तीन-चार पोरांत मिळून घेतलेली खोली सोडून तो तुमच्यासाठी वेगळी घेईल, भाडं वाढेल, पाळीमुळे बारा तास बाहेर राहील. तुम्ही अनोळखी वस्तीत दार लावून बसाल. इथे निदान ओसरी आहे, शेत आहे, तुमच्याशी भांडणारी का होईना पण जाऊ आहे. इकडे मालक एकटे पडतील ते वेगळंच. त्याचं लग्न झालं, बाळंतपण आलं, तेव्हा महिना-दोन महिने राहायची वेळ येईलच. ती वेगळी गोष्ट.

मालकांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण त्यात बरंच आहे. ते कट्ट्यावर का बसतात असं वाटतं तुम्हाला? घर त्यांनाही खायला उठत असेल. आपल्याकडचा बाप मुलगा गेल्याचं बोलत नाही. तो पोराची मोटारसायकल पुसतो, नाहीतर बाहेर बसतो. एकदा विचारून बघा, “तुम्हाला त्याची आठवण कधी येते?” येते का, असं विचारू नका, नाही म्हणतील. कधी येते, असं विचारा. पोरं गेल्यावर नवरा-बायकोचं नातं निवळतं, एकमेकांना वेळ मिळतो, असं परदेशांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. आपल्या घरांत ते आपोआप होत नाही, कारण वीस वर्षं दोघांचं बोलणं पोरांच्या निमित्ताने झालेलं असतं. म्हणून शेतावरून येतानाची ती वाट मला मोलाची वाटते. समोरासमोर बसून बोलायला संकोच होतो, शेजारी चालताना होत नाही.

चंदगडच्या लेकीकडे महिन्यातून एकदा जाऊन या, पण तिच्याकडे भावाची गाऱ्हाणी घेऊन जाऊ नका. महिला बचत गटाच्या संघाची मीटिंग असते तिथे कर्जाचा हप्ता देऊन लगेच उठू नका, बसा. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, आधार कार्ड पर्समध्ये ठेवा आणि महिन्यातून एकदा कुठेतरी जा. बेळगावला कपिलेश्वराला जा, सौंदत्तीला यल्लम्माला जा, जत्रेतल्या गर्दीत जा. एकटीने जमत नसेल तर, तुमच्या गावात आणखी किती घरांतून पोरं गेलीत ते मोजा. पाच जणी तरी निघतील. मुलं गेलेल्या आयांनी आपसात बोलावं, यासारखं दुसरं औषध मला माहीत नाही, आणि ते मी देऊ शकत नाही, तुमचं गावच देऊ शकतं.

आता डोक्याच्या डॉक्टरबद्दल. धारवाडला मनोरुग्णांचा दवाखाना असल्याने आपल्या भागात कुणाची चेष्टा करायची झाली की “धारवाडला सोडून या” म्हणायची सवय होती, तिने फार नुकसान केलं आहे. खरं दुखणं असलेली माणसं त्या एका वाक्याला घाबरून घरात बसली. दुःख आणि नैराश्याचा आजार यांतला फरक सांगते, तो तुम्ही स्वतः ओळखू शकता. दुःखात आठवण लाटेसारखी येते आणि ओसरते. मधल्या वेळात चहा गोड लागतो, कुणी हसवलं तर हसू येतं, मुलगा येणार म्हटलं की हुरूप येतो. नैराश्यात सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खाली असतं किंवा कशातच गोडी राहत नाही. त्याबरोबर झोप बिघडते, जेवण सुटतं किंवा फार वाढतं, अंगात त्राण राहत नाही, कामात लक्ष लागत नाही, आपण घराला भार आहोत असं वाटतं. मुलगा घरी आला तरी आनंद होत नाही. असं असेल तर डॉक्टरांची गरज आहे, आणि गोळ्यांचीही असू शकते.

या गोळ्यांनी माणूस खुळा होत नाही आणि नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी थोडे जास्त लागतात. तेवढ्यात “काही फरक नाही” म्हणून सोडू नयेत, आणि बरं वाटल्यावरही डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नयेत, बहुधा आणखी सहा महिने तरी घ्याव्या लागतात. झोपेच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट आहे, त्यांची सवय लागू शकते. शेजारणीच्या पाकिटातली झोपेची गोळी घेऊ नका.

जायचं कुठे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. तुमच्या तालुका दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या दिवशी येतात ते आशाताईंना विचारा. बेळगावात जिल्हा रुग्णालय आहे, आणि धारवाडची सरकारी संस्था, डिमहान्स, या विषयातली या भागातली मोठी संस्था आहे. तिथे रोज बाह्यरुग्ण येतात आणि औषध घेऊन संध्याकाळी घरी जातात. कन्नड येत नाही म्हणून गप्प बसू नका, “मला मराठीत सांगायचं आहे” असं पहिल्यांदाच म्हणा. मनातलं दुःख परक्या भाषेत अर्धंच बाहेर येतं. घरून निघणं जमत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, रात्रंदिवस चालू असतो, आणि त्यांनाही मराठी हवी म्हणून सांगा.

एक गोष्ट मी प्रत्येक आईला विचारते, तुम्हालाही विचारते: जगून काय करायचं, असा विचार मनात येतो का? आला असेल तर त्यात लाज नाही, पण तो एकटीने मनात ठेवायचा नाही. त्याच दिवशी मालकांना किंवा जावेला सांगा, वरच्या नंबरवर फोन करा, दवाखान्यात जा. घरातल्यांनी अशा वेळी शेतातली फवारणीची औषधं घरात ठेवू नयेत, दुसरीकडे कुलपात ठेवावीत, आणि तिला एकटीला सोडू नये. विचारल्याने असा विचार मनात भरतो, हा समज खोटा आहे. विचारल्याने माणूस मोकळा होतो.

आता गणपती तोंडावर आहेत, तो येईल. चार दिवस घर भरेल आणि तुम्हाला वाटेल, सगळं बरं झालं. तो आल्यावर त्याच्याभोवती चोवीस तास फिरू नका. त्याला मित्रांत जाऊ द्या, झोपू द्या, आणि एक तास मात्र तुमच्या वाट्याचा मागून घ्या. मग तो परत निघेल, आणि त्याच्या गाडीनंतरची सकाळ ही जूनमधल्या सकाळीपेक्षाही जड असेल. बहुतेक जणी मला याच सकाळी फोन करतात. त्या सकाळची तयारी आत्ताच करा. जावेला आधीच सांगून ठेवा, की त्या दिवशी नऊच्या गाडीने आपण दोघी बेळगावला जायचं आहे. काम काहीही काढा, खडे बाजारात ब्लाऊजपीस घ्यायचंय म्हणा. तो निघाला त्या रात्रीची त्याची चादर लगेच धुऊ नका, तशीच घडी घालून ठेवली तरी कुणाचं काही बिघडत नाही.

वही भरत राहा. गणपतीनंतर माझ्या खानापूरच्या दिवशी या, येताना वही आणि थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन या. मालक येत असतील तर त्यांनाही आणा, त्यांना बाहेर बसवून ठेवणार नाही.